प्रश्न न विचारणाऱ्या कमलमावशी

कमलमावशी माझ्या आईला कधीच काही विचारत नसत. दार ढकलून आत येत, साड्यांचा गठ्ठा खाली टाकत आणि म्हणत, "सरक वं बाई, नही ते तुना मांडीवरच बसस मी." आई खुदकन हसे. मी आत आलो, की तीच आई पदर सावरून गप्प बसे.

पांडेसऱ्यात आमची दारं समोरासमोर. मावशी अमळनेरकडच्या, घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. आईला अल्झायमर झाल्यावर मी कामाला गेलो की तिच्याजवळ त्याच बसत. त्यांचे उपकार मानायचे सोडून मी जळत होतो.

मी आईला रोज विचारायचो, आज वार कोणता? मी कोण? डॉक्टर तिला घड्याळ काढायला लावत, काही शब्द लक्षात ठेवायला सांगत. त्याची तयारी मी घरी करून घ्यायचो. मावशी डोळे वटारत. "तिनी दहावीनी परीक्षा शे का रे भाऊ? भाजी निवडाले बसाड तिले, मंग देख."

एकदा मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून दवाखान्यात मावशी गेल्या. तिथे एका अभ्यासासाठी चाचणीच्या आधी आणि नंतर लाळ घेऊन कॉर्टिसॉल मोजत. ताण आला की शरीरात वाढतो तो हार्मोन. पुढच्या खेपेला मी मावशींसोबतचे आणि त्याआधीचे माझ्यासोबतचे, असे दोन्ही आकडे विचारले. माझ्यासोबत आईचा ताण वाढला होता, गुण घसरले होते. मावशींसोबत नेमकं उलटं.

"एवढ्यावरून काही ठरत नाही हं," डॉक्टर म्हणाले.

माझ्यापुरतं ठरलं होतं. शेजारणीवरची माया आईच्या थुंकीतसुद्धा सापडली होती.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मावशी लेकीकडे बारडोलीला निघाल्या. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. रिक्षात बसताना त्यांनी माझा हात धरला. "तू तिना पोऱ्या शेस, हाई तिले सांगत बसू नको. नुसता बस तिनाजवळ."

त्या संध्याकाळी मी मेथी घेऊन आईजवळ बसलो. काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने ती मेथीतून मान वर न काढता म्हणाली, "कमल, पानी दे वं."

माझं नाव ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"हा वं बाई, देस," म्हणालो आणि उठलो.