पासंग

“बोला बाई, आज पासंग कुठं ठेवायचा? पुढं का मागं?”

विमानाच्या दारात वाकून शिरता शिरता काका त्या हवाईसुंदरीला पयलं हेच इचारायचे. आन् सोताच्या पोटावर दोन थापा मारायचे, जसं कुणी ज्वारीच्या भरल्या पोत्यावर मारतं. ती हसायची. तिला काका नवे नव्हते. दर सोमवारी सकाळी आपल्या चिकलठाण्याहून हैदराबादला जाणारं ते छोटं पंख्याचं विमान, आन् दर सोमवारी त्यात काका. बियाण्याच्या कंपनीत व्हते, गंगापूरकडचे. वजन सव्वाशे किलो तरी आसंल, मी काय तोलले नाय.

तराजूचं एक पारडं वर राह्यलं की त्यात खडा टाकत्यात ना, तो पासंग. छोट्या विमानाचं बी तसंच असतं बगा. माणसं कमी असली की ती बाई येऊन म्हणायची, पुढच्या दोघा-तिघांनी मागं बसा, वजन सारखं व्हायला पायजे. तुम्ही विमानानं फिरत असाल तर तुम्हाला हे म्हाईत आसंल. मला कुठलं म्हाईत? माझी नववीत शाळा सुटली, वडलाच्या शेरड्या आन् बैलगाडी एवढंच माझं ज्ञान. त्यात लगीन होऊन पुंडलिकनगरात एका खोलीत आले. नवरा वाळूजला कंपनीत, आज दिवसाची पाळी उद्या रातची.

मी विमानात बसले ती माझ्या पोरीपायी. पोरगी जन्मली ती टाळू फाटलेली. असं लेकरू अंगावर पीत नाय, दूध नाकातून येतं, त्याला उभं धरून बोंडल्यानं थेंब थेंब पाजावं लागतं. हैदराबादचे डॉक्टर म्हणले, शिवून देतो, पण आधी पाच किलो भरू द्या, त्याच्याआधी भूल देत नसतो. आन् तोवर दर महिन्याला आणून दाखवा. एवढ्याशा जीवाला बसनं कुठं न्यायचं म्हणून एका ट्रस्टनं तिकिटं दिली, पण एकाच माणसाची. म्हणजे माझी. नवऱ्यानं विमानतळाच्या दारापस्तोर सोडलं आन् म्हणला, “भिऊ नको,” आन् सोताच घाम पुसत निघून गेला.

आत गेले तर काका आन् त्यांची मंडळी खुर्च्यांवर चहा पीत बसलेली. हिमरूच्या शाली विकणारे एक चाचा आन् एक औषध कंपनीचा टायवाला, हे नेहमीचे. त्यांचं बोलणं काय सांगू, मला परत दाराकडं पळावंसं वाटलं.

काका म्हणत व्हते, “ह्याला विमान कोण म्हणलं हो? पंख लावलेली काळीपिवळी हाय ही. गंगापूरच्या जीपात आन् ह्याच्यात फरक एकच, जीपवाला टपावर बी बसू देतो.”

टायवाला म्हणला, “काका, मागच्या सोमवारी ढगात काय हादरलं! माझी कॉफी शेजारच्याच्या बुटात.”

“हादरलं म्हणजे चालू हाय. हादरायचं थांबलं की मग भ्या.”

चाचा म्हणले, “नक्को डराओ मियाँ, बाजू में बच्ची लेको बैठी है.”

काकांनी माझ्याकडं पाह्यलं. माझ्या पदरात पाह्यलं. “आरं, हे तर पसाभर हाय!” म्हणले. तवापासून पोरीचं नाव पसाभर.

आता माझा येडेपणा ऐका. विमानाकडं चालत गेलो तर त्याच्या शेपटीखाली एक टेकू लावलेला. खरंच. बैल सोडल्यावर आपण गाडीला लावतो तसा. मी म्हणले, म्हणजे हे बी उलाळ होतं! गाडी मागून जड झाली की धुरा वर आन् माणसं खाली, त्याला आमच्याकडं उलाळ म्हणत्यात. लहानपणी मी एकदा चालत्या गाडीत मागं सरकले आन् आज्जीसकट कडब्यात पडले, माझ्या हनुवटीवर अजून खूण हाय.

मी दुसऱ्या रांगेत बसले. बाई आली, काकांना मागं जायला सांगितलं. काका उठले, माझ्याजवळून जाताना वाकून हळूच म्हणले, “पोरी, आता मी मागं, तू पुढं. हालू नको हां. तू हालली की गाडी उलाळ!”

ते हसत गेले. मी हासले नाय.

तासभर मी हालले नाय. मान नाय, पाय नाय. बोंडलं पिशवीत, पिशवी पायाखाली, वाकलं तर सगळी माणसं मरतील. पोरगी रडायला लागली. बाई दोनदा येऊन म्हणली, “ताई, खाली उतरताना लेकराला पाजा, कान दुखत्यात त्याचे.” मी नुसते डोळे हालवले. पोरगी रडून रडून निळी झाली आन् मग दमून झोपली. माझा ब्लाउज घामानं आन् दुधानं भिजला.

खाली उतरल्यावर काका सामानाच्या पट्ट्याजवळ आले. “का गं, लई रडत व्हती पसाभर. पाजलं नाय का?”

“तुम्हीच म्हणले, हालू नको.”

काकांचं तोंड असं झालं की मला त्यांचीच कीव आली. चाचा मातर तुटून पडले, “क्या आदमी हो मियाँ! मजाक में बच्ची को भूका रखे?”

“मला काय म्हाईत, ही खरं धरंल म्हणून,” काका पुटपुटले.

“तुमची सूरत देखके विमान उलटाच होता, कौन भी खरा धरता!”

त्या दिवशी दवाखान्यात पोरगी तीन किलो आठशे भरली. मला वाटलं, पाजलं असतं तर चार भरली असती. आता कळतं, एका बोंडल्यानं तसं होत नसतं. पण तवा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

पुढच्या महिन्यात आत शिरले तर काका माझीच वाट पाहत उभे. राम राम नाय, कसं काय नाय. “वजन किती?”

“म्हाईत नाय, तिथं गेल्यावर कळंल.”

“तिथं कशाला? इथं काटा हाय की!”

आन् त्यांनी माझ्या हातातून पोरगी घेतली, आन् बॅगा तोलायच्या काट्यावर शाल अंथरून तीवर ठेवली. शाल चाचांची. काउंटरवरची पोरगी किंचाळली, “काका! काय करताय! साहेब पाहतील!” पण तिनं बी आकडा वाकून पाह्यलाच. चार किलो तीनशे.

“हँडबॅगेत बसती,” टायवाला म्हणला.

“आन् तू कचऱ्यात,” काका म्हणले.

विमानात काका माझ्या शेजारच्या खुर्चीत, म्हणजे खरं तर दीड खुर्चीत बसले. बाईनं मागं बोलावलं तर म्हणले, “आज पासंग मिळणार नाय, आज दुसऱ्याला न्या.” टायवाला कुरकुरत मागं गेला. काकांनी बोंडलं धरलं, मी पोरीला उभं धरलं. मधीच विमान हादरलं आन् दूध काकांच्या मिशीवर. “हादरलं म्हणजे चालू हाय,” ते म्हणले. पण मी पाह्यलं, त्यांचा दुसरा हात खुर्चीला घट्ट आवळलेला. वीस वरसं विमानात फिरून त्यांना बी भ्या वाटत व्हतं! कुणाला सांगू नका.

मग हे दर महिन्याचंच झालं. “वजन किती?” आन् काटा. रांगेतली अनोळखी माणसं बी माना लांब करायची. एकदा सर्दीनं शंभर ग्रॅम उतरली तर काका दिवसभर जेवले नाय म्हणे, टायवाल्यानं मला सांगितलं. मला बी रातंदिस एकच, पाच, पाच, पाच.

आन् मग एका सोमवारी काट्यावर आलं पाच किलो एकशे. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी टाळीला हात उचलला आन् मला दिसलं, काट्याच्या कोपऱ्यावर शालीखाली एक जाड बोट.

“काका, बोट काढा.”

“कुठलं बोट?”

“बोट काढा म्हणते ना!”

मी आयुष्यात पयल्यांदाच एवढ्या मोठ्या माणसावर वरडले. काकांनी बोट काढलं. आकडा हालला, खाली आला, आन् थांबला. पाच. नुसतं पाच, पुढं शून्य.

कुणीच टाळी वाजवली नाय. काउंटरवरची पोरगी डोळे पुसत व्हती. काकांनी पोरीला उचलून माझ्याकडं दिलं आन् म्हणले, “घे. आता हिचं तिकीट लागंल.” आन् नळाकडं गेले, तोंड धुवायला.

ऑपरेशन झालं. टाळू शिवली. पोरगी आता दूध नाकातून नाय काढत, माझ्या तोंडावर थुंकती.

परवा सोमवारी दाखवायला गेले, तर खुर्च्यांवर चाचा आन् टायवाला दोघंच. मी नळाकडं बी जाऊन पाह्यलं. तुम्हाला बी वाटलं आसंल, गेले काका. नाय हो, चांगले जित्ते हायत. चाचा म्हणले, “रिटायर हो गया मियाँ. अब खेत में बैठको बैलां को परेशान करता.” त्या दिवशी विमानाला कुणी नावं ठेवली नाय. चहा बी लवकर संपला.

काटा मोकळाच व्हता. मी पाह्यलं, पण ठेवली नाय तिला.

विमानात बसलो. बाई आली आन् म्हणली, “पुढच्यांपैकी कोणीतरी मागं जाईल का, प्लीज?” कुणी उठंना. टायवाल्यानं फोनात तोंड घातलं, चाचांनी गुडघा दाखवला. मग सगळेच दुसऱ्या रांगेतल्या काकांच्या रिकाम्या खुर्चीकडं पाह्यला लागले. बाई बी.

मी पट्टा सोडला आन् उठले.

“ताई, तुम्ही नका, लेकरू हाय तुमच्यासंगं.”

“म्हणूनच,” मी म्हणले. “आता आम्ही दोघी मिळून भरतो.”

शेवटच्या रांगेत जाऊन बसले. हात हनुवटीवरच्या खुणेकडं गेलाच, खोटं कशाला बोलू. खिडकीतून पाह्यलं, खाली एक माणूस शेपटीचा टेकू काढून, खांद्यावर टाकून निघाला व्हता. मी पोरीला घट्ट धरलं.

उलाळ नाय झालं.