बरणीतला निळा धागा

कोलकात्याला बदली होऊन आलो आणि वर्षभरात हे गेले. यांचे बँकेत घालायचे सहा सुती शर्ट घेऊन मी तिथल्या बेहाला भागात जुन्या कापडापासून हातकागद बनवणं शिकायला गेले. बटणं निघाली की शर्टाला चिंधी म्हणायचं, असं शिकवणाऱ्या बाईंनी हिंदीत सांगितलं. कडक इस्त्रीचे शर्ट, चिंध्या कसल्या! पण भांडावंसंही वाटलं नाही. मी ते कापले, भिजवले, कुटले. त्यांचा लगदा झाला. चिमूटभर लगदा बरणीतल्या पाण्यात ढवळून उजेडात धरायचा. धागा दिसला तर लगदा कच्चा.

माझ्या बरणीत एक निळा धागा तरंगत होता. कोणत्या शर्टाचा, ते लगेच कळलं.

बाईंनी विचारलं, "झालं?"

"कच्चा आहे," मी म्हटलं आणि पुन्हा कुटायला बसले.