घोडा मसाला

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, स्नेहलतागंजात, मी मसाल्याचं दुकान टाकलं तेव्हा आमच्या घरात सगळे नोकरदार होते. धंद्यातलं सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून नव्या व्यावसायिकांसाठीच्या एका शिबिराला गेले. तिथल्या सल्लागारांनी माझं गोडा मसाल्याचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, नाम बदल दीजिए. लोग घोड़ा पढ़ेंगे."

लोक वाचतच होते. रोज कोणीतरी दारात उभं राहून हसत विचारायचं, "दीदी, इसमें घोड़ा डालते हो क्या?"

सल्लागारांनी कागदावर नवं नाव लिहून दिलं: मराठी गरम मसाला. पण मी गरम मसाला करतच नाही. माझ्या मसाल्यात दगडफूल असतं, तीळ असतात, भाजलेलं खोबरं असतं. दुकानात आल्यावर त्या कागदाची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या वजनकाट्याखाली सारली. काटा तेवढा स्थिर झाला.

त्यानंतर जो हसेल त्याच्या तळहातावर मी चिमूटभर मसाला ठेवायचे. वास घेतला की हसणं थांबायचं आणि "ये डालते किसमें हैं?" सुरू व्हायचं.

आता नवीन दुकानवाले मला विचारतात, नाव कसं ठेवावं. मी सांगते, जे विकता त्याचंच ठेवा. लोक चुकीचं म्हणत असतील तर म्हणू द्या, दुकानात येऊनच म्हणताहेत ना.

परवा तेच सल्लागार आले. "दो पैकेट घोड़ा मसाला."

बाकी सगळ्यांना ते माफ आहे. त्यांना म्हटलं, "आधी नाव नीट घ्या, मग देते."