उंदराच्या मेंदूतले रंग

सोनोग्राफीच्या जेलीचा वास आला की मला प्रयोगशाळेतला माझा पहिला महिना आठवतो. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या भादरलेल्या डोक्यावर मी ती थंडगार जेली लावली, आमच्या गुजराती सरांनी वर प्रोब टेकवला आणि पडद्यावर मेंदूतलं वाहतं रक्त नारंगी रंगात दिसू लागलं. मग औषध टोचलं, आणि थोड्या वेळाने एका भागातला रंग फिका पडत गेला. बाटलीवरचं नाव वाचून मी चरकले, कारण जीव घाबरतो म्हणून डॉक्टरांनी आईला दिलेल्या गोळीत हेच औषध होतं. "सर, हे चांगलं की वाईट?" मी विचारलं. "बेन, तिथे रक्त कमी गेलं, एवढंच दिसतं," सर म्हणाले. दुपारीच नवागामला घरी गेले. आई साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. "आई, आज ती गोळी घेऊ नको," असं म्हणून मी तिला सगळं सांगितलं. "उंदीर मरी गया का?" "नाही." "मंग त्याले कोनी इचारं का, तुना जीव आते घाबरस का?" आता जीव घाबरतो का, हे उंदराला कुणीच विचारलं नव्हतं. तिने गोळी घेतली आणि पुन्हा कामाची साडी पुढे ओढली. तिला अडवावं की नाही, तेच मला ठरवता येईना. आता असे रंग वाचण्यातच माझे दिवस जातात. आई अजून ती गोळी घेते, पण तिचा जीव घाबरायचा थांबला का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. का, ते माझं मलाच कळत नाही.