ताईला पाहायला आले तेव्हा

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. घरातल्या एकाही माणसापुढं हे माझ्या तोंडून निघालेलं नाही — आणि आमचं घर तसं फार बोलकं आहे.

मी इंग्रजीची मास्तरीण होते. 'फेअर' हा शब्द आला की पोरी खूश व्हायच्या. फेअर म्हणजे जत्रा, फेअर म्हणजे गोरा, फेअर म्हणजे पक्की वही, उघडलेलं आभाळ, बेताचे मार्कही फेअरच. पोरी हसायच्या — एकाच शब्दात एवढा संसार? मीही हसायची. एक अर्थ मात्र मी घाईघाईनं सांगून पुढं जायची. का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आम्ही सोनाळ्याला राहायचो. आई दम्यानं बेजार, म्हणून घर सुमनताई ओढायची. मी हायस्कुलात. ताईचं लग्न झालं की माझी शाळा बंद, हे बाबांनी बोलून ठेवलं होतं. कुणी पाहायला येणार म्हटलं, की ते स्थळ मोडावं म्हणून मी देवाला हात जोडायची.

मलकापूरहून स्थळ आलं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, सोबत त्याचे नागपूरचे काका. काकांनी ताईला चालवलं, सुईत दोरा ओवायला लावला, शेवटी म्हणाले, वेणी सोडून दाखव. ताईचा हात वेणीकडं गेला, तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला, तेही इंग्रजीत — आम्हाला कळू नये, काकांचा मान राहावा म्हणून असेल.

"काका, धिस इज नॉट फेअर."

काकांनी 'राहू दे' म्हणून हात केला. ताई आत आली. मागोमाग बाबा.

"काय म्हनला वं पोरगा?" त्यांनी मला विचारलं. घरात इंग्रजी मलाच येत होतं ना.

"पोरगी गोरी नाही म्हनते."

बाबांचा चेहरा उतरला, मग तापला. "आत्ता उठवतो साऱ्याइले."

झालं, मोडलं, असं मला वाटलं. आणि खोटं कशाला बोलू — आनंद झाला. पण ताईनं बाबांचा हात धरला.

"थांबा बाबा. मी गोरी नाही, हे खरंच हाय ना? बाकीचे गोड बोलून चहा पिऊन जातात, अन् मंग नकार धाडतात. यानं तोंडावर सांगतलं. मले हा मानूस चालते."

माझ्या ज्या वाक्यानं मोडायचं ते लग्न त्याच वाक्यानं जुळलं. आणि काय संसार झाला म्हणता! भाऊजी दिवाळीला आले, मला चुलीपुढं बसलेलं पाहिलं, आणि बाबांना म्हणाले, "हिले मलकापूरले धाडा. आमच्याकडं राहून मॅट्रिक करन." आईजवळ आत्या आली आणि मी त्यांच्या घरी राहून शिकले. ज्याच्या तोंडी मी नको ते घातलं होतं, त्यानंच माझ्या फिया भरल्या, रात्री बसून स्पेलिंगं घेतली.

त्या घरात हसणं फार. जेवताना ताई हटकून काढायची, "तुमी पयल्याच दिवशी काय म्हनले, मले मालूम हाय."

भाऊजी लाजायचे. त्यांना वाटायचं, आपण काकांना अडवलं ते हिनं ओळखलं. "मंग? ते म्हनाच लागत होतं."

"म्हनूनच तं हो म्हनलं मी."

दोघं हसायचे. मीही हसायची — घास गिळून. एकाच शब्दाच्या दोन टोकांना दोघं सुखात बसलेले, आणि मधला पूल फक्त मला ठाऊक.

एकदा भाऊजींनी ताईसाठी गुलाबी लुगडं आणलं. तिनं हात फिरवला आणि मला दिलं. "गोऱ्या बाईचा रंग हाय हा. तू नेस." भाऊजी लुगड्याच्या कागदाची घडी घालत बसले. त्यांना वाटलं, आवडलं नाही. मी ते नेसले. मला खुलूनही दिसलं.

आज दोघंही म्हातारे आहेत, ठणठणीत आहेत. परवाच जेवायला आले होते. ताईनं पुन्हा तेच काढलं, भाऊजी पुन्हा लाजले. मी दोघांना वाढलं.

आतापर्यंत तुम्ही म्हणाला असाल — शाळकरी पोर, एकच अर्थ येत असेल, चुकली. मीही तुम्हाला तसंच वाटू दिलं. पण मला येत होता. 'नॉट फेअर' म्हणजे हे न्यायाचं नाही, हे आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं आणि वर्गात पहिला हात माझाच वर गेला होता. त्या भरल्या घरात एक माणूस ताईच्या बाजूनं बोलला. ते मला नीट ऐकू आलं, नीट कळलं, आणि मी तिला ते दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.