स्टेशनमागचं कोरियन कराओके

जपानमधल्या त्सुकुबात दोन वर्षं घालवून मी थीसिस लिहिला, पण पुण्यात त्याबद्दल कोणी विचारत नाही. सांगायला उरतं ते स्टेशनमागचं कोरियन कराओके: तासाच्या भाड्याने मिळणारी बंद खोली, माइक, खंजिरी आणि गाण्याला मार्क देणारं मशीन. आम्ही तिघी जायचो: मी, माझ्या लॅबमधली कोरियन सोरा आणि जपानी हारुका. रविवारी दुपारी, कारण बाकीचा आठवडा प्रोफेसरांचा. एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा त्याच्यामागे येऊन उभाच राहतो.

*

पहिल्या वेळी मला कोरियन वाचता येत नव्हतं. सोराने अख्खं गाणं सावकाश म्हणून दाखवलं, मी ते वहीत देवनागरीत उतरवलं आणि नाचत नाचत म्हटलं. मशीनने मला त्र्याण्णव मार्क दिले. सोराला, तिच्याच भाषेत, पंचाहत्तर!

मग मी अर्थ विचारला.

"बाई सांगतेय, आता घरी वाट बघणारं कुणी उरलं नाही," सोरा म्हणाली.

*

हारुका लॅबमध्ये इतकी हळू बोलायची की शेजारी बसूनही कळायचं नाही. माइक हातात आला की मात्र खोलीच्या दाराची काच थरथरायची. एका रविवारी, दोन कडव्यांच्या मधल्या म्युझिकमध्ये, तिने माइकवरूनच सांगितलं, की उद्यापासून ती लॅबला येणार नाही, रजेचा अर्ज दिलाय. झोप येत नाही, जेवण जात नाही.

तेवढ्यात दुसरं कडवं आलं आणि तिने ते व्यवस्थित म्हटलं. आम्ही दोघी हातात खंजिरी धरून बसलो होतो. वाजवायची की नाही, ते कळेना.

*

सोरा जपानला आली म्हणून तिच्या वडिलांनी बोलणं टाकलं होतं. एकदा तिने त्यांच्या आवडीचं जुनं गाणं म्हटलं, मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि तिने ते त्यांना पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: "दुसरी ओळ बेसूर."

सोराने तो मेसेज लॅबमध्ये सगळ्यांना दाखवला. चार महिन्यांत वडील पहिल्यांदाच बोलले होते.

*

दुसऱ्या वर्षी माझे बाबा गेले. अचानक. दादा म्हणाला, तू पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, परीक्षा देऊनच ये. अंत्यसंस्कार मी मोबाइलवर पाहिले. हॉस्टेलच्या भिंती एवढ्या पातळ, की शेजारणीचा राइस कुकर वाजलेला ऐकू यायचा. तीन दिवस मी तोंडावर टॉवेल दाबून रडले.

रविवारी दोघी सायकलवरून आल्या आणि मला घेऊन गेल्या. सोराने आवाज पूर्ण वाढवला आणि एकामागून एक गाणी लावली. माइक कुणीच उचलला नाही. हारुका माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "इथलं बाहेर काही ऐकू जात नाही."

मग मी रडले. मोठ्याने, बाबांना हाका मारत. दोघी दोन बाजूंना बसून होत्या. गाणं संपत आलं की सोरा पुढचं लावायची.

भिंतीवरचा फोन वाजला, सोराने उचलला. काउंटरवरच्या बाई सांगत होत्या, दहा मिनिटं उरलीत.

सोराने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या मैत्रिणीचं गाणं चालू आहे," ती फोनवर म्हणाली. "अजून एक तास द्या."