पोळ्याच्या दिवशी कोंडवाड्यातली पांढरी जोडी

पहिलेच सांगून टाकते, मी त्या माणसाले माफ केलं नाई. दोन वर्षं झाली. माय म्हणते, "सोड ना व बाई आता." मायचं बरं हाय, तिले पाण्यावर त्याच्या घरच्या बाया भेटतात, बोलाव लागते. मी कायले सोडू?

आमचं वावर नाल्याच्या काठी. कपाशीची पऱ्हाटी, जवारी, धुऱ्यानं म्हणजे बांधानं अंबाडी. घरी दोन बैल, एक तांबडी गाय, तीन बकऱ्या आन् एक कोंबडा. मी आरवली की तो कोंबडा मले उत्तर देते, भर दुपारीबी. नकला करायची खोड माही लहानपणापासूनची. आर्वीले मावशीकडं राहून मी सातवीलोक शिकली. तिथं गणिताचे मास्तर यायच्या आधीच मी त्याईच्या आवाजात म्हणो, "बसा खाली, गाढवं हो!" आन् सारा वर्ग बसे. एक दिवस मास्तर दारातच उभे होते. सवयीनं तेबी बसले असते, पण खुर्ची दूर होती. सहा छड्या भेटल्या. सहाव्या छडीले मी त्याईच्याच आवाजात "अगं आई गं" म्हणली, म्हणून सातवी भेटली.

आमच्या वावराले लागून भाऊचं वावर. सारं गाव त्याले मोठे भाऊ म्हणते. मीबी म्हणते, तोंडावर. भाऊ बोलायच्या आधी खाकरते, "अंहंऽ", आन् बोलणं संपलं की इचारते, "समजलं का नाई?" मधात जे असते ते बहुतेक हुकूमच असते. त्या सालच्या उन्हाळ्यात तो आमच्या अंगणात उभा राहून बाबाले म्हणे, "अंहंऽ. तुया वावरातून माही बैलबंडी जाईन. समजलं का नाई?"

बाबा म्हणे, "समजलं भाऊ. पण नाई जाणार."

बस्, एवढंच झालं. भांडण नाई, तंडण नाई. भाऊ गेला.

आषाढात बाबा सरकीची ढेप आणायले बंडी घेऊन आर्वीले गेलते. मी धुऱ्यावर भाजीसाठी अंबाडीचा पाला खुडून राह्यली होती. तवा मी या दोन डोळ्यांनं पाह्यलं. भाऊनं काठीनं आमच्या कुपाची, म्हणजे काट्याच्या कुंपणाची, काटी उचलली, बाजूले टाकली, जीभ टाळ्याले लावून च् च् च् केलं, आन् आमच्या तांबडीले आपल्या पऱ्हाटीत बोलावलं. गाय बिचारी गेली. माणसानं बोलावलं तर गाय जाईनच ना. ती चार पावलं आत गेली नाई का हा बोंबलला, "पाहा वो पाहा! माही पऱ्हाटी खाल्ली!"

मी धावत गेली. "भाऊ, काटी तुमीच काढली. मी पाह्यलं."

भाऊ हासला. आजूबाजूच्या वावरातले दोन-चार गडी जमले होते, त्याईच्याकडं पाहून म्हणे, "अंहंऽ. नकला करनारी पोट्टी. रोज कोनाच्या ना कोनाच्या तोंडानं बोलते. हिचं कोन आयकते? समजलं का नाई?"

गडी हासले. खरं सांगू, गाईपेक्षा पहिले ते हासणं लागलं मले.

गाय कोंडवाड्यात गेली. आमच्या गावचा कोंडवाडा म्हणजे शिवेवर मातीच्या चार भिंती, डोक्याएवढ्या उंच, एक सागाचं फाटक, आन् आत गुडघाभर चिखल. सरकार बदललं, नागपूरची राजधानी जाऊन मुंबईची आली, पण कोंडवाड्याची किल्ली कोतवालाच्या करदोड्यालेच राह्यली. माय त्याच्याकडं गेली. गाय गाभण, दिवस भरत आलेले. कोतवाल म्हणे, "वहिनी, घरधनी आल्याबिगर सोडता येत नाई. मोठे भाऊ म्हणले, सोडू नको."

मायनं जवारीच्या कण्या शिजवल्या, गूळ टाकला, टोपलं घेऊन फाटकापाशी उभी राह्यली. कोतवाल म्हणे, "बाहेरचं आत देता येत नाई." आतलं त्याच्याजवळ काईच नव्हतं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले, गाय सुटली, पण रातच्यालेच ती त्या चिखलात येली होती. कालवड होती. मेलेली. मायनं आपल्या लुगड्याच्या पदरानं तिचं तोंड पुसलं, जसं जितीचं पुसतात. तांबडी संध्याकाळलोक तिले चाटत राह्यली. तिले तिथून हालवाले तीन माणसं लागले.

गाईनं दूध देल्लं नाई. लाथा मारे, कास धरू देये नाई. वासरू झालं का आमच्या घरी रोज सकाळी रवी फिरे, लसणाची फोडणी देल्लेली कढी असे, वरून हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आन् उरलेलं ताक माय आजूबाजूच्या घरी वाटे. त्या साली ते झालंच नाई. रवी खुंटीले. कोरडी भाकर आन् जवसाची चटणी. ते चटणी चावता चावता मी ठरवलं.

पोळ्याले आमच्या गावच्या तोंडाशी आंब्याच्या पानायचं तोरण बांधतात. साऱ्या गावचे बैल त्याच्याखाली रांगेनं उभे राहतात. पहिली जोडी भाऊची, पांढरी, त्याच्या बापापासूनचा मान. ते निंघाल्याबिगर दुसरा बैल पाऊल उचलत नाई. भाऊ सालभर त्या घडीसाठीच जगते. मी ठरवलं, या पोळ्याले ते जोडी तोरणाखाली दिसली नाई पाह्यजे.

मंग एक महिना मी शाळेत केला नसन एवढा अभ्यास केला. भाऊचे बैल दोरीनं नाई, आवाजानं चालत. तो वावराच्या या टोकावरून बोले, "याऽऽ राजेहोऽऽ, या", का ते त्या टोकावरून येत. मी पहिल्यांदा पळसाच्या आडून आवाज देल्ला, तर दोघायनं मान वर करून पाह्यलं आन् परत चरायले लागले. मी इचार केला, चुकलं कुठं? खाकरा राह्यला होता! दुसऱ्या दिवशी "अंहंऽ" करून मंग बोलावलं. दोघं डुलत डुलत आले, माह्या समोर उभे राह्यले, आन् मले सोडून चारी बाजूनं भाऊले पाहत राह्यले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलायच्या खांद्याले लोणी-हळद चोळतात आन् कानात जेवणाचं आवतन देतात. मी भाऊच्या बैलायच्या कोठ्याच्या भिंतीमागं उभी होती. हा माणूस बैलाच्या कानात एवढ्या हळू बोलला का मले वाटलं दुसराच कोनी हाय. "आज आवतन घ्या राजेहो, उद्या जेवाले या." खाकरा नाई, 'समजलं का नाई' नाई. साऱ्या जगाले हुकूम, आन् बैलाले अर्जी. तोबी आवाज मी उचलला. कायले उचलला ते मलेच मालूम नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी बैल नाल्यावर धुतले, शिंगं रंगवली, गळ्यात नव्या घंट्या. कामाचा दिवस नाई, तर दुपारी साऱ्यायचे बैल पडीत रानात चरत होते. भाऊ झूल आणायले घरी गेला. मायनं मले घागर देऊन पाण्याले धाडलं होतं. मी गेली ते सरळ कोंडवाड्याच्या मागं.

"अंहंऽ. याऽऽ राजेहोऽऽ, या."

घंट्या वाजल्या. आले दोघं. फाटकापाशी निंबाखाली कोतवाल बाजेवर पडला होता, तो उठून बसला. मी भिंतीच्या मागूनच म्हणलं, "अंहंऽ. कोतवाल, जोडी आत घे."

"आत? भाऊ, आज पोळा!"

"म्हणूनच म्हणतो. शिंगं रंगवली, साऱ्या गावाची नजर लागून राह्यली. तोरणालोक आत ठेव, कोनाले दिसली नाई पाह्यजे. समजलं का नाई?"

नजरेचं नाव घेतलं का आमच्या गावात पुढं कोनी इचारत नाई. "समजलं भाऊ, समजलं!" कोतवालानं फाटक लावलं, कुलूप घातलं. "भाऊ, मी मंग नाल्यापलीकडं सासऱ्याकडं जेवून येऊ का?"

हे तर मी मांगतलंबी नव्हतं! "जा," मी म्हणली. "पोटभर जेवजो."

घरी आली, चुलीपाशी बसली, कणकेचा गोळा हातात घेतला. माय पाट्यावर पुरण वाटून राह्यली होती. तिचा वरवंटा थांबला.

"घागर कुठं हाय?"

मी कणकेचा गोळा पोळपाटावर ठेवला.

"कोंडवाड्याकडून भाऊचा आवाज आला," माय म्हणे. "आन् भाऊ त्याच वक्ताले आपल्या दारावरून झूल घेऊन गेला. मी डोळ्यानं पाह्यला."

मी पोळी लाटत राह्यली. माय भाजत गेली. मंग सात-आठ पोळ्या टोपल्यात ठेवल्या, वरून तूप सोडलं. घरात होतं ते सारं तूप. "जा. बैलायले देऊन ये."

"माय! आपली गाय तिथं दोन दिवस उपाशी..."

"म्हणूनच," माय म्हणे. "जा."

तिकडं गावात एकच गडबड. भाऊ झूल खांद्यावर घेऊन फिरे, "माही जोडी कोनी पाह्यली?" आन् जो तो म्हणे, "भाऊ, तुमीच तर आवाज देल्ला! आमी आयकला ना, कोंडवाड्याकडून." भाऊ म्हणे मी नाई देल्ला. लोक म्हणत, आता तुमचा आवाज आमाले समजत नाई का? मी टोपलं घेऊन बाजूनं निंघून गेली. सांगते, माह्या छातीत ढोल वाजून राह्यला होता, आन् तो भेवाचा नव्हता.

फाटकाच्या फटीतून मी पोळी आत धरली. बैलायनं वास घेतला, तोंड फिरवलं. परत धरली. नाई. आवतन देणारा समोर नाई तर ते खाणार कसे? तूप माह्या कोपरावरून गळून राह्यलं होतं. मी इकडं तिकडं पाह्यलं, फटीले तोंड लावलं, आन् हळूच म्हणलं, "जेवाले या राजेहो. या."

दोघं आले. माह्या हातातून खाल्लं. चौथी पोळी देऊन राह्यली होती तवा मागं झुलीचे घुंगरू वाजले.

भाऊ उभा होता. त्याचं तोंड असं झालतं, जसं कोनी त्याच्या घरात घुसून त्याच्याच पाटावर जेवाले बसलं.

"तू?" तो म्हणे.

"मी," मी म्हणली. माह्या आवाजात.

"किल्ली कोनाजवळ हाय?"

"कोतवालाजवळ. कोतवाल कुठं गेला ते फक्त मले मालूम हाय." आन् तिथंच मले समजलं का मले नुसतं तोरण नको होतं. "भाऊ, चला तोरणाखाली. साऱ्या गावासमोर म्हणा, कुपाची काटी मी काढली. मी आत्ता धावत जाऊन किल्ली आणते. वेळ हाय अजून."

तो खाकरला. "अंहंऽ..." पुढं काई निंघालंच नाई. मंग म्हणे, "तुया बापाले सांगू का?"

"सांगा. आन् गावालेबी सांगा का एका पोट्टीच्या आवाजानं तुमचे बैल कोंडवाड्यात गेले. सांगता का? का तुमच्या आवाजात मीच सांगू?"

त्यानं फाटकाले खांदा लावला. सागाचं फाटक, त्याच्याच बापानं देल्लेलं. हाललं नाई. नव्या धोतरावर चिखल उडाला. तिकडं ढोल सुरू झाले, झडत्या सुरू झाल्या. आमच्याकडं तोरणाखाली पोट्टे जोड जुळवून एकमेकायले टोमणे मारतात, ते झडत्या. कोन्या पोट्ट्यानं तिथल्या तिथं केली असन, वाऱ्यानं इथलोक आली:

"आभाळ आलं, गडगड झाली, ढोर निंघाली माळावर,
मानाच्या जोडीनं तोरण सोडून बिऱ्हाड केलं कोंडवाड्यावर!
हर बोला, हर हर महादेव!"

सारं गाव हासलं. भाऊनं आयकलं. माह्याकडं पाह्यलं. मी थांबली, भाऊ आता म्हणन, आता म्हणन. एक वाक्य तर होतं. पण तो फाटकापाशी खाली बसला, झूल मांडीवर, आन् तसाच राह्यला. तोरण तुटल्याचा गलका झाला. दुसऱ्याच कोनाची जोडी पहिली निंघाली. मी उरलेल्या पोळ्या बैलायले देल्ल्या, टोपलं झटकलं आन् घरी गेली.

दिवे लागायच्या वक्ताले कोतवाल आला तवा बैल सुटले. भाऊनं ते गावामागच्या वाटेनं घरी नेले.

त्या दिवशी मी पाच पोळ्या खाल्ल्या, कोरड्या, कारण तूप संपलं होतं. झोप चांगली लागली.

भाऊनं कोनाले सांगतलं नाई. बंडीचं नाव परत काढलं नाई. माह्यासमोर तर तोंडच उघडत नाई. वाटेत मी दिसली का भाऊ गड्याले हातानं खुणा करते, असं कर, तसं कर, आन् ते बिचारे गोंधळतात. लोक म्हणतात भाऊले वय झालं. होऊ द्या.

तांबडी यंदा परत गाभण हाय. माय म्हणते, झालं ना आता, फिटलं. माय, नाई फिटलं. ते वाक्य मी त्याच्या आवाजात कवाही म्हणू शकते, खाकऱ्यासकट: कुपाची काटी मी काढली. धुऱ्यावर एकटी असली का म्हणूनबी पाहते, इतकं बरोबर निंघते का अंगावर काटा येते. पण ते मले माह्या तोंडून नको हाय. त्याच्या तोंडून पाह्यजे, साऱ्या गावासमोर, जे गडी हासले होते त्याईच्यासमोर. तोलोक मी त्याच्या वाटेवर उभी राहणार, आन् तो हातानं खुणा करत राहणार.